अहो, घ्या

३ ऑगस्ट

आजपासून मी बडनेऱ्याची. अकोल्याहून टेम्पो निघाला तेव्हा पुस्तकांची खोकी खाली आणि भांडी वर होती. मूर्तिजापूर येईस्तोवर परात सुटली आणि पुढचा सगळा रस्ता वाजत राहिली. वाजतगाजत आले म्हणायला हरकत नाही.

घर दोन खोल्यांचं. पुढे ओटा, मागे मोरी, आणि मोरीच्या दाराबाहेर सांदवाडी. तीन बाजूंनी भिंत, एक कडुनिंब, एक नळ, बाकी मोकळी जागा. ही मागची जागा पाहूनच मी घर घेतलं. मालक भगवंतराव मुलाकडे नागपूरला असतात. फोनवर म्हणाले, मागे काय करायचं ते करा, फक्त भिंत पाडू नका.

माझी मुलगी प्रणाली इथून जवळच, अमरावतीत राजापेठेत. ती आणि रोहित तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिना चढताना आता तिला दोनदा थांबावं लागतं. सातवा महिना आहे. पितृपक्ष उरकला की ती बाळंतपणाला माझ्याकडे येईल. त्यासाठीच मी अकोला सोडलं.

यांना जाऊन दीड वर्ष झालं. हे घर यांनी पाहिलं असतं तर आधी नळ सोडून पाण्याची धार पाहिली असती, मग बाकीचं.

६ ऑगस्ट

शेजारी नबीभाई आणि आबेदाबी. नबीभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. आबेदाबी गरम भजी घेऊन आली आणि भजी संपेपर्यंत माझं सगळं विचारून गेली. एकटी दिवसभर काय करता, म्हणाली. मी म्हटलं, वाचते. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचनालय सुटलं नाही. आता मोबाइलवरही वाचते, व्हिडिओ पाहते.

मग तिला वहीतलं चित्र दाखवलं. खाली टाकीत मासे. वर गोट्यांनी भरलेला वाफा, त्यात माती नाही. मोटर खालचं पाणी वर नेते. माशांच्या घाणीवर भाजी वाढते, भाजीची मुळं पाणी साफ करतात आणि तेच पाणी परत माशांना मिळतं. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. पोरीला आणि तिच्या बाळाला फवारणी न केलेली भाजी माझ्या हातची मिळावी एवढंच माझ्या मनात आहे. मी मासे खात नाही हे ऐकून आबेदाबी हसायला लागली. मासोया पोसून राह्यल्या अन् खात नाई म्हणता, मंग त्याइले का शाळेत घालता?

नबीभाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. खाली पानी, वर पानी, मंदात गोटे. ताई, याले आमी नदी म्हंतो, ते फुकट भेटते. एवढं बोलून त्यांनी लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी चौकोनी टाकी आणून दिली आणि माझ्या मापाने कापूनही दिली. खालचा मोठा भाग माशांचा, वरचा उथळ भाग वाफ्याचा.

१३ ऑगस्ट

खदानीतली फोडलेली गिट्टी हाताला लागते, कोवळ्या मुळांनाही लागते. मला नदीतले गोल गोटे हवे होते. नांदगाव खंडेश्वरकडचा गोवर्धन नावाचा ट्रॅक्टरवाला तयार झाला. ट्रॉली रिकामी करताना म्हणाला, सारे लोकं गिट्टी मांगतात, गोल गोटे मांगनाऱ्या तुमीच पयल्या.

आबेदाबी आणि मी दुपारभर गोटे धूत बसलो. चुनखडीचा दगड पाणी बिघडवतो, म्हणून प्रत्येक जातीच्या गोट्यावर लिंबू पिळून पाहिलं. बुडबुडे आले की तो बाजूला. गोट्यांत कुजलेल्या दर्भाच्या काड्या होत्या, काही ठिकाणी काळे तीळ चिकटलेले. पुराने आणलं असेल. एक तळहाताएवढा काळा गोटा मात्र असा गुळगुळीत होता की कोणी वर्षानुवर्षं हातात धरून बसावं. लिंबाने तो नुसता ओला झाला. तो मी वाफ्यात वरच ठेवला, दिसायला बरा म्हणून.

२४ ऑगस्ट

पाणी खेळायला लागलं. वाफा भरत येतो आणि पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की एका नळीतून सगळं आपोआप खाली उतरतं. उतरताना घटाघट आवाज होतो. हे तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायचे, अगदी तसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. वाईट वाटलं असं नाही. घरात माणूस असल्यासारखं वाटलं.

मासे आत्ता सोडायचे नाहीत. आधी पाण्यात चांगले जंतू धरावे लागतात, नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. सुरुवात करणारे सगळे इथेच घाई करतात. मी करणार नाही.

५ सप्टेंबर

मासे आले. रूपचंद जातीची पिल्लं, बोटाएवढी, पोटाशी तांबडी. आबेदाबी म्हणे, हे तं नवरदेवाचं नाव झालं. यांचे दात माणसासारखे असतात असं वाचलं होतं. एकाला हातात धरून पाहिलं. खरंच, खालच्या जबड्यात छोटे चौकोनी दात, बाळाला नुकते यावेत तसे.

मेथी, पालक, आंबाडी वर आली आहे. प्रणालीला आंबाडीची भाजी हवी आहे. म्हटलं, अमावास्या झाली की ये, तोवर हातभर होते.

१४ सप्टेंबर

आज यांची अष्टमी. वर्षश्राद्धानंतरचं हे पहिलंच पितर. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी केली. पान वाढून भिंतीवर ठेवलं.

घास ठेवताना गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. अमुक, तुम्ही घ्या. मुलगा बापाचं नाव घेतो. मला मुलगा नाही, आणि पोटुशीला हे करू देत नाहीत. राहिले मी. लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं तेवढंच. बाकी उभा संसार हे आणि अहो यावर झाला. आजही जिभेवर आलं नाही. उभी राहून नुसतं अहो म्हटलं.

कावळा कडुनिंबावर होता. खाली आला नाही. ऊन कलायला लागलं, पान सुकलं, तो मान तिरपी करून वाफ्याकडे पाहत राहिला आणि मग उडून गेला. काय राहिलं असेल यांचं? मग सुचलं, पिंड शेवटी पाण्यातच सोडतात, मासेच खातात. पान उचललं आणि टाकीत सोडलं. म्हटलं, अहो, घ्या. जेवून घ्या.

पाणी उतरायला अवकाश होता, वाफा अर्धाही भरला नव्हता. तरी नळीने घटाघट पाणी ओढलं. मासे एकदम वर आले. खीर, वडे, सगळं गेलं. केळीचं पानसुद्धा गेलं.

जीव निवला.

१५ सप्टेंबर

सकाळी पाहते तर आंबाडी वीतभर वाढलेली. मेथीला हात लावला तर देठ मनगटासारखं घट्ट. मी अहो म्हटलं की पाणी उतरतं. तीनतीनदा पाहिलं. दिवसभर तिथेच बसले आणि दीड वर्षाचं साठलेलं सगळं बोलले. प्रणालीचं सांगितलं. बाळ येणार म्हटल्यावर पाणी थांबलं. मला वाटलं, ऐकताहेत.

१६ सप्टेंबर

टाकी लाल झाली आहे.

मासे एकमेकांना फाडत होते. मी जाळीने वेगळे करायला गेले, तर जाळीत अर्धे मासे आले, तोंडं अजून चावत असलेले. दुपारपर्यंत एकच उरला. काल बोटाएवढा होता. आज माझ्या कोपरापर्यंत येईल. तो हलत नाही. पृष्ठभागाशी तोंड आणून दात दाखवत थांबतो.

आबेदाबीची मांजर वाफ्यात सापडली. पोट उकललेलं, आणि आंबाडीची मुळं गोट्यांतून वर येऊन आत शिरलेली. आबेदाबी रडली आणि मग मला टाकून बोलली. ताई, तुमी काय पोसून राह्यल्या इथं?

मोटर बंद केली आहे. पाणी तरी वर चढतं.

१७ सप्टेंबर

टाकीचं बूच काढायला हात घातला आणि मनगट धरलं गेलं. माशाने नाही. हाताने. ओढ अशी की गालाला पाणी लागलं. ओरडले तेव्हा सुटलं.

मनगटावर चार बोटं आणि अंगठा उमटला आहे, निळा. यांची बोटं लांब, कारकुनाची, तेलगिरणीत आयुष्यभर हिशेब लिहिणारी. ही आखूड आणि जाड आहेत. हा हात यांचा नाही.

गोवर्धनला फोन केला. गोटे कुठले, एवढंच विचारलं. तो म्हणाला, उद्या येतो.

१८ सप्टेंबर

गोवर्धन आला. मोरीच्या दारातून त्याला काळा गोटा दिसला आणि त्याने उंबरा ओलांडला नाही. तिथेच खाली बसला. त्याने सांगितलं ते असं.

गोटे नदीच्या घाटाखालच्या वळणावरचे. त्या घाटावर मेलेल्यांचं दहावं करतात. सरणाजवळून उचललेला दगड दहा दिवस मेलेल्याच्या नावाने पुजतात, त्याला पिंड देतात. त्याला जीवखडा म्हणतात. दहाव्याला कावळा शिवला की जीवखडा पाण्यात सोडतात. सगळे वळणाला जाऊन अडकतात. तिथे ट्रॉली लवकर भरते म्हणून त्याने भरली.

हा काळा एकाचा आहे. त्याने दोन जिवांच्या बायकोला कुऱ्हाडीने मारलं. हे पोर कोनाचं हाये, असं विचारत मारत होता, ती नवऱ्याचंच म्हणत होती. लोकांनी त्याला तिथेच दगडांनी ठेचलं. भावाने भीतभीत दहावं केलं. पिंडाला कावळा शिवला नाही. गोटा फेकून सगळे मागे न पाहता पळाले, त्यांत गोवर्धनही होता.

गोवर्धन जमिनीकडे पाहून म्हणाला, त्याले कोनं आजलोक जेव म्हनलं नाई, ताई. तुमी म्हनलं. अन् तेबी अहो म्हनून.

मी म्हटलं, गोटे परत ने. आहेत तिथे सोड. तो परवा ट्रॉली घेऊन येतो म्हणाला. प्रणालीला फोन करून सांगितलं, घराला वाळवी लागली आहे, एवढ्यात येऊ नको. ती रुसली.

२० सप्टेंबर

जे झालं ते लिहिते.

गोवर्धन दहा वाजता आला. फावड्याने गोटे घमेल्यात ओढायला लागला. काळ्या गोट्याला फावडं लागलं आणि त्याचं डोकं मागे खेचलं गेलं, केस कोणी मुठीत धरावेत तसं. तिथे कोणी नव्हतं. त्याला उचललं. टाकीच्या लोखंडी कडेवर तोंड आपटलं. पुन्हा. मी त्याचा शर्ट धरून ओढत होते, शर्ट माझ्या हातात फाटला. पुन्हा. दात उडून माझ्या पायाशी पडले. तो माय, माय म्हणत होता, मग तोंडच राहिलं नाही म्हणायला. नंतरही थांबलं नाही. मेलेल्यालाही आपटत होतं.

नंतर मासा वर आला.

पोलीस आले. गोट्यांवरून घसरला, कडेवर पडला, असं त्यांनी लिहिलं. मी जे सांगितलं ते लिहिलं नाही. हवालदार म्हणाला, मावशी, धक्का बसला तुमाले, झोपा. जबाबासाठी गाव सोडायचं नाही. मोटरची तार कापून नेली.

पाणी चढतंय.

२१ सप्टेंबर, सकाळ

सर्वपित्री अमावास्या. घास द्यायचा आजचा शेवटचा दिवस.

चूक माझ्या हाताने झाली, मीच ती दुरुस्त करणार. पान नाव न घेता वाढलं म्हणून भलताच येऊन बसला. आज नाव घेऊन वाढीन. ज्याचं पान आहे तो येईल, मग याला उठावंच लागेल. पंगतीत असंच असतं.

नुसता भात आणि कढी केली. नाव इथे लिहून पाहते, जिभेला सवय व्हावी. श्याम. श्याम. श्याम देविदास. पस्तीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याचं नाव किती लहान आहे.

जाते.

२१ सप्टेंबर

उजवा हात चालतो. डावा नाही. जबडा — फडक्याने बांधला आहे. बोलता येत नाही.

नाव घेतलं. मोठ्याने घेतलं. श्याम, तुम्ही घ्या.

पाणी थांबलं. भाजीची पानं हलायची थांबली. मग नळीतून आवाज आला, माणसाचा, अगदी हळू —

कोन व्हय तो श्याम?

मी का नाही समजले. बायकोच्या तोंडी दुसऱ्याचं नाव. त्याने तिला ज्यासाठी —

पहिला तोंडावर. ज्या तोंडाने नाव घेतलं त्यावर. गोटा होता की मूठ, कळलं नाही. हाड मोडल्याचं आतून ऐकू आलं. मग हात. खाली पडल्यावर कमरेत लाथा. प्रत्येक लाथेला एकच विचारत होता. कोन व्हय. कोन व्हय तो.

आबेदाबीने भिंतीवरून उडी टाकली. पाय धरून मला मोरीत ओढलं. दार लावलं. दारावर आतापर्यंत —

डॉक्टर येऊन गेला. सकाळी अमरावतीला न्या म्हणाला. आबेदाबी उशाशी बसली आहे. तिने प्रणालीला फोन केला. मी मान हलवत होते, नको, नको. तिला वाटलं दुखतंय.

२२ सप्टेंबर

प्रणाली आली. रिक्षाने, एकटी. रोहित गाडी घेऊन मागून येतोय. मला नेणार. मला पाहून आधी रडली, मग रागावली. वाळवी म्हणे, वाळवी. आई, कोणी मारलं तुला?

पोट किती पुढे आलंय. सुंदर दिसते.

वहीत लिहून दाखवलं. मागे जाऊ नको. कोणी काही विचारलं तर बोलू नको. एक शब्द नको.

वाचलं. माझ्या कपाळावर हात ठेवला. म्हणाली, कोण विचारणार आहे मला, आई. इथे कोण आहे.

आबेदाबी चहा आणायला घरी गेली.

पिशवी भरतेय. साड्या, टॉवेल. विचारते, तुझी सुती साडी कुठे. मी डोळे मिटले. मला माहीत नाही. मला —

दोरीवर आहे. मागे. तिला खिडकीतून दिसली.

नको लिहिलं. मोठ्याने — अक्षरं मोठी केली. पाहिलं नाही. कडी काढली.

पेला फेकला. वाजला. म्हणाली, आले ग, साडी काढते अन् आले.

उठता येत नाही. कंबर — बाजेवरून पडले. सरकतेय. वही हातात, पुन्हा दाखवीन, तिला पुन्हा —

पाणी उतरतंय. घटाघट.

आवाज. म्हाताऱ्यासारखा. गोड काढलाय. पोरी, कोनाचं हाये?

ती हसली. तिला वाटलं भिंतीपलीकडून नबीभाई —

बोलू नको माय बोलू नको

म्हणते, काय चाचा, कोणाचं म्हणजे काय, रोहि